नदीकडचं घर

दार उघडंच होतं. च्वांग उंबऱ्याशी दम खात उभे होते, तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "या, या! तुमचीच वाट बघत होते."

हातात फडकं घेऊन बाई बाहेर आल्या आणि च्वांगना पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

असे उतरलेले चेहरे च्वांगना आता सवयीचे झाले होते. जन्म याच गावचा, तामसुईचा. हयातभर त्यांनी इथूनच नदीपलीकडच्या बाली गावाला जाणारी फेरीबोट चालवली. पण ते राहत होते ती जुनी इमारत पाडून टोलेजंग काहीतरी बांधायचं ठरलं, आणि या वयात त्यांना घर शोधत फिरावं लागत होतं. फोनवर सगळे गोड बोलत. समोर गेलं की घर नुकतंच दिलेलं असे.

"खाली खांबावर लाल कागद पाहिला," ते म्हणाले. "घर भाड्याने द्यायचंय ना?"

"तो कागद काढला नाही वाटतं अजून," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी च्वांगना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी लाय. वय काय तुमचं?"

"पासष्ट."

लायबाई नुसत्या बघत राहिल्या.

"बरं, सत्तर."

"केस आजच रंगवलेत का? कानाला काळं लागलंय."

च्वांगनी कान चोळला. "चौऱ्याहत्तर."

"मग तुमच्याशी काय बोलायचं? म्हाताऱ्यांना घर द्यायचं म्हणजे जिवाला घोर. गॅस चालू राहिला तर? न्हाणीघरात पडलात तर? घरातच मेलात तर? मग त्या घरात पाऊल कोण टाकणार?" पाठ केल्यासारखं त्या एका दमात बोलल्या.

"मरायच्या आधी तुम्हाला फोन करीन की."

लायबाईंनी झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. पण खांदे हलले, ते च्वांगना दिसलं.

"आलाच आहात तर घर बघून घ्या," त्या म्हणाल्या. "बघायला काय जातंय."

खोल्या लहान होत्या. नदीच्या ओलीने एका भिंतीचा रंग फुगला होता. फरशी मात्र नुकतीच पुसलेली, ओट्याच्या कडा घासून लखलखीत केलेल्या. आणि खिडकी थेट नदीवर उघडत होती, समोर क्वानयिनचा डोंगर. च्वांग खिडकीपाशी गेले ते तिथेच खिळले.

"तो नवा पोरगा बोट फार जोरात आणतो," ते म्हणाले. "बघा आता, धक्क्यावर आपटणार."

दोघं बघत राहिले.

"आपटली!" लायबाई म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांनी हसू लपवलं नाही.

त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून च्वांगच्या पुढे केला. "घ्या. घरात कप नाहीत."

चहा पिता पिता च्वांग म्हणाले, "तिथे, त्या वडाखाली, माझी बायको माशांच्या गोळ्यांच्या सूपची गाडी लावायची. मी बोट वळवली की ती डाव हलवायची. हात नाही, डाव! सूप अंगावर उडून गिऱ्हाइकं बोंबलायची. गेल्या हिवाळ्यात गेली."

"आणि तुम्ही इथून रोज तेच बघत बसणार? त्रास नाही व्हायचा?"

"न बघण्याचाच होतो."

खिडकीच्या कठड्यावरून लायबाईंनी उगाचच पुन्हा फडकं फिरवलं.

"मलाही ही खिडकी फार आवडते," त्या म्हणाल्या. "इथे बसून भाजी निवडावी, असं मनात होतं."

"मग तुम्हीच का राहत नाही इथे?"

बाईंनी रिकामं झाकण त्यांच्या हातातून घेतलं, पुसलं आणि थर्मासला घट्ट बसवलं. "हे घर नाही मिळालं तर कुठे जाल?"

"मुलाकडे. तैपेईला. हॉलमधल्या सोफ्यावर. सून गुणी आहे हो, पण तिच्या पायात माझे पाय अडकतात. नाहीतर लेक आहे काओशुंगला. तिच्याकडेही सोफाच आहे." ते हसले. "म्हातारपणी माणसाला सोफ्यांची पारख येते."

लायबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, थर्मास आत ठेवला.

"घर तुमचं," त्या म्हणाल्या.

च्वांगना आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. "काय म्हणालात?"

"ऐकायलाही कमी येतं का? घर तुमचं. थोड्या वेळात जियेन नावाचा मुलगा येईल, सह्या करून घ्यायला. त्याला वय खरं सांगा. थापा मारू नका, तुम्हाला जमत नाहीत."

च्वांग वाकून वाकून आभार मानू लागले. "लायबाई, घरोघर फिरलो मी, पण तुमच्यासारखी घरमालकीण भेटली नाही. या कधीतरी. सूप करीन. बायकोसारखं नाही होत, पण करीन."

"बघू." दारात त्या क्षणभर थांबल्या, खिडकीकडे एक नजर टाकली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

च्वांगनी खिडकी पूर्ण उघडली. पलंग कुठे लावायचा, बायकोचा फोटो कुठे, हे ठरेपर्यंत हेल्मेट काखेत धरून एक तरुण वर आला.

"तुम्हीच ना ते फेरीबोटवाले काका? मी जियेन."

"या, या! तुमच्या आईंनी सांगितलं होतं. फार मोठ्या मनाची बाई. जीभ तिखट आहे, पण मनाने..."

"माझी आई?" जियेन गोंधळला. "ती कशाला येईल इथे? घर माझं आहे."

"अहो, लायबाई! आत्ता खाली गेल्या त्या."

"त्या? त्यांनाच तर हे घर द्यायचं ठरलं होतं, काका. तुमच्यासारख्याच वणवण फिरत होत्या बिचाऱ्या. आज सही करायची होती, म्हणून तर मी आलो. आणि आता खाली भेटून म्हणतात, मला नको, वर एक माणूस आहे त्याला दे." त्याने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. "त्यांच्या सामानाचा टेम्पोसुद्धा आलाय. ड्रायव्हर विचारतोय कुठे जायचं, आणि त्या नुसत्याच उभ्या आहेत."