एकाच ठोंबाचं रान

अनितानं गवती चहाचं पान उलटलं. खालून तांबेरा रोग. बोटाला नारिंगी भुकटी लागली. शेजारच्या सरीत तेच, बांधापलीकडच्या रानातही तेच.

भांडगावात बचत गटातल्या बायकांनी तिच्या शब्दावर गवती चहा लावला होता. दुप्पट तेल देणारं वाण तिनंच शोधून आणलं होतं. एका ठोंबाची फोड करत करत सगळ्यांची रानं भरली. जुनं गवत मिसळलं की तेल काढायच्या भट्टीत तेल कमी उतरतं, म्हणून परसातले जुने ठोंबही तिनं दारोदार फिरून उपटायला लावले. आता कृषी सहायक म्हणत होते, फवारणी करा, पण पुढच्या लागवडीला वेगळं बेणं बघा. गावात वेगळं काही उरलंच नव्हतं.

ती ताईबाईंच्या दारात गेली. परसातलं, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं गवत उपटायला लावल्यापासून म्हातारीनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"जयभीम, मावशी. जुनं एखादं मूळ ऱ्हायलंय का कुठं?"

ताईबाईंनी पायात वहाणा सरकवल्या. "माझ्या दारातलं उपटलंस. लेकीनं नेऊन लावलंय, तिच्या दारातलं कोण उपटणार? चल शिक्रापूरला."

दोघी एसटीत बसल्या. तिथंही तांबेरा असला तर, एवढंच अनिताच्या मनात होतं.

ताईबाईंची लेक शितल कंपनीतल्या कामगारांच्या चाळीत राहायची. खोल्यांमागं रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडलेल्या, प्रत्येकीत गवती चहा.

"ही आईची," शितल म्हणाली. "ही लातूरच्या वहिनींची. ही कोकणातल्यांची. ती बिहारच्या भाभीची. जो तो आपल्या घरचं घेऊन आलाय."

कुणाचं पान अरुंद, कुणाचा बुडखा लालसर. अनिता एकेक पान उलटत गेली. लातूरचं स्वच्छ. बिहारचं स्वच्छ. कोकणातल्यावर दोनचार ठिपके. ताईबाईंच्या गवतावर मात्र तांबेरा गच्च.

ताईबाईंचा चेहरा पडला. लुगड्याच्या पदरानं त्यांनी ते पान उगाच पुसलं. "ऱ्हाऊ दे माझं," त्या म्हणाल्या. "यातलं चांगलं तेवढं उचल."

अनिता त्यांच्याजवळ खाली बसली.

"चांगलं कुठलं, ते मला एकदा कळलं व्हतं, मावशी, अन् त्यापायी बाकी सगळं उपटलं. आता सगळ्यांचं एकेक मूळ न्यायचं. तुमचं बी."