खातं कोण चालवत होतं?

"मी बोलेन, तुम्ही फक्त गप्प बसा. लाचखोरीचे आरोप आजच रद्द करून घेतो," असं वकिलांनी माजी खाणमंत्र्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवरच बजावलं होतं. मंत्रीही निर्धास्त होते.

वकिलांनी सुरुवात झकास केली. "साहेब, माझे अशील साधे गृहस्थ. त्यांना खाणीतलं ओ की ठो कळत नाही. सख्ख्या मेहुण्याला खाणीचा परवाना मिळाल्याचंही त्यांना लोकांकडून समजलं. सचिव कागद पुढे सरकवायचे, हे डोळे झाकून सही करायचे."

मंत्री मान खाली घालून ऐकत राहिले. न्यायाधीशांना ते पटत चाललेलं दिसत होतं.

"म्हणजे खातं सचिवच चालवत होते?"

"अगदी तसंच, साहेब. हे नुसते खुर्चीत बसायचे."

मागच्या बाकावर मंत्र्यांची बायको फिस्कन हसली.

मंत्री ताडकन उठले. वकिलांनी त्यांची बाही ओढली, ती त्यांनी झटकून सोडवली.

"त्या सचिवाची काय बिशाद, साहेब? माझ्या शब्दाशिवाय खात्यात पान हलत नव्हतं. खोटं वाटत असेल तर विचारा माझ्या मेहुण्याला."