दारातला फळा

नातीचं बारसं झालं त्या वर्षी, साठी उलटल्यावर मी लिहायला शिकले आणि गिधाड उद्यानाच्या दारातला फळा माझ्याकडे आला. आज किती गिधाडं दिसली, ते तिकीट काढून येणाऱ्यांसाठी रोज लिहायचं.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका शनिवारी पाहुण्यांची बस यायची होती आणि गिधाडांना घालायला मेलेलं जनावर नव्हतं. उद्यान चालवणाऱ्या संस्थेच्या कुंटेसाहेबांनी शेजारच्या गावातून मेलेला बैल आणवला. मी म्हटलं, "मरायच्या आधी याला दुखणं थांबवायची सुई दिली होती का, विचारलंत? ते मांस खाऊन गिधाडं मरतात, तुम्हीच शिकवलंत मला."

"मावशी, बस घाटात आलीय. आता बैलाची कुंडली मांडत बसू?"

मंगळवारी त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "लिहा, गिधाडं दुसऱ्या डोंगरावर गेली."

"मी पुरलीत ती, याच हातांनी. बैलाचा मालक सांगतो, तीन दिवस सुया चालू होत्या."

"लोक यायचे बंद झाले, देणग्या आटल्या, तर उरलेल्या दोन गिधाडांना कोण जगवणार?"

"आणि तुमच्यापासून त्यांना कोण वाचवणार?"

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलं आणि मी खाली अंगठा उठवला. साहेब बघत असतानाच मी एकेक अक्षर ठळक काढलं:

"सुई दिलेला बैल आम्ही न विचारता घातला. आमची नऊ गिधाडं काल, सोमवारी मेली."