गादी

"पंधरा दिवस झाले, झोप न्हाई," कारेगावच्या दवाखान्यात सतीश डॉक्टर मॅडमना सांगत होता. "काल प्रेस मशीनवर डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला."

"शिफ्ट बदलली का? रूम?"

"न्हाई. नाइट करून सकाळी रूमवर येतो. तीच रूम, तीच गादी. आता तर एकट्यालाच हाय. आधी दत्ता आन् मी, दोघांत एक होती. तो दुसऱ्या कंपनीत, दिवसपाळीला. मी आलो की तो उठून निघायचा."

"मग आता?"

"हायवेला ट्रकनं उडवलं त्याला. कामावर जाताना."

मॅडमचं पेन थांबलं. "जवळचा मित्र होता?"

"मित्र कसला, मॅडम. बोलणंच व्हायचं न्हाई. दारात चावी द्यायचा आन् म्हणायचा, 'घ्या सरकार, गादी सांभाळा.' तेवढंच."

मॅडम झोपेची गोळी लिहू लागल्या.

"गोळी नको. मशीनवर गुंगी येईल," सतीश म्हणाला. मग खिशातून रूमची चावी काढून हातात फिरवू लागला.

"आधी अंग टाकायचो तवा गादी गरम असायची, मॅडम. आता गार लागते."