चार नंबरची गादी

सावळीराम माळ्यानं चार नंबरच्या खोलीतली गादी ओढत मागच्या आवारात आणली आणि सलाउद्दीन पिंजाऱ्यासमोर टाकली. शेजारी घासलेटची बाटली ठेवली.

"ही पिंजायची नाय, भाई. जाळायची. मागल्या साली एक दिली व्हती तशी."

"कोणाची?"

"त्या मुंबईच्या बाईंची. चार महिने खोकल्या. परवा नेल्या त्यांना." सावळीरामनं आवाज खाली आणला. "मागल्या खेपेला तू नाल्यावर नेऊन जाळलीस. औंदा इथंच, माझ्यासमोर. मॅनेजरसाहेबांचा हुकूम हाय."

देवळालीच्या त्या आरोग्यभवनात सगळ्या गाद्या दिवाळीआधी उसवायच्या, कापूस पिंजायचा आणि परत भरायचा, असा रिवाज होता. मुंबईचे पाहुणे यायच्या आत वीस-पंचवीस गाद्या फुगून तयार व्हायच्या. छातीच्या रोग्याची गादी मात्र कुणाला द्यायची नाही.

सलाउद्दीन खाली बसला. उसवल्याशिवाय गादी नीट जळत नाही, नुसती धुमसते. त्यानं शिवण तोडली आणि आतला कापूस मुठीत घेऊन दाबून पाहिला.

"लांब धाग्याचा हाय," तो म्हणाला.

"आरं, जाळायच्या कापसाला काय गोंजारतो? घरी भाभीला सांगू का?" सावळीराम हसला. सलाउद्दीन हसला नाही.

मागच्या ओट्यावर उन्हाला एक म्हातारे मास्तर बसले होते. मुंबईहून कालच आले होते. आठ-नऊ वर्षांची नात त्यांच्या पायाशी होती.

"आधी इथं नुसता माळ होता," मास्तर तिला सांगत होते. "विलायतेच्या बोटी मुंबईला लागायच्या. गोरे सोल्जर उतरले की त्यांना इथं छावणीत आणायचे. मग मुंबईच्या शेटजींना ही हवा ठाऊक झाली. त्यांनी बंगले बांधले. आता मुंबईत कुणाची छाती धरली, की डॉक्टर कोणतं गाव सांगतो?"

"देवळाली!"

"शाबास. का बरं?"

"इथली हवा कोरडी. आपल्याकडे समुद्र, म्हणून दमट." मुलीनं जरा विचार केला. "पण आजोबा, इथली माणसं आजारी पडली तर ती कुठं जातात?"

मास्तर हसले. "इथल्यांना कशाला कुठं जावं लागेल, बाळ?"

सलाउद्दीन उठला. हातांचा कापूस झटकून तो ओट्याच्या पायऱ्यांपाशी आला.

"मास्तरसाहेब, एक विचारू का? समुद्रावरची हवा कशी असती?"

"का रे?"

"पोरगी खोकती. चौदाची हाय. नाशकातले डॉक्टर म्हणाले, हिची हवा बदला. मी म्हणलं, कुठं नेऊ? तर म्हणाले, समुद्रावर न्या."

मास्तरांनी चष्मा काढला. नातीशी बोलायचे त्याच सुरात ते त्याच्याशी बोलले.

"अरे, समुद्रावरूनच तर आम्ही इथं पळून येतो. तिथल्या दमट हवेत छाती आणखी भरते. तू तिला कुठंही नेऊ नकोस. याच्याहून चांगली हवा तुला मिळायची नाही. रोज सकाळी उन्हात बसव तिला."

"बसायची, साहेब. श्रावणापर्यंत बसायची."

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

सलाउद्दीन परत आला. बाटली उपडी केली आणि काडी ओढली. कापूस आधी पिवळा झाला, मग एकदम पेटला. दोघं बाजूला उभे राहिले. सावळीरामनं चंची सोडली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्यानं मळू लागला. मळलेल्या तंबाखूतली निम्मी चिमूट नेहमीच सलाउद्दीनची असायची.

"दादा," सलाउद्दीन म्हणाला, "मागल्या सालची मी जाळली नाय."

"मंग?"

"घरी नेली. सगळा कापूस मोकळा केला. तीनदा पिंजला. आठ दिवस उन्हात घातला. माझा बाप म्हणायचा, पिंजलेला कापूस नवा जलम घेतो. असा फुलला व्हता, दादा, ढगावानी. खोळ बी नवी शिवली." तो जाळाकडे पाहत होता. "खुर्शीदा गोधडीवर निजायची. तिला म्हणलं, घे, शेटाच्या पोरीवानी नीज."

सावळीरामचा अंगठा थांबला.

"तिला ठाव हाय का?"

"नाय. तिच्या आईला बी नाय. पोरगी उठायची तवर आई रोज ती गादी झटकायची, ऊन दाखवायची."

"आरं, मंग आण ती! आत्ताच्या आत्ता आण. इथंच टाकू जाळात."

"कशी आणू? पोरगी उठत नाय तिच्यावरनं."

कापसाचा एक पेटता पुंजका वर उडाला आणि विझून खाली आला. ओट्यावर मास्तर नातीला लांब श्वास घ्यायला शिकवत होते. घे, धर, आता हळूच सोड.

सावळीरामनं तंबाखू मळून संपवली. हात पुढं केला. तो अर्ध्यावर गेला आणि तिथंच राहिला.

सलाउद्दीननं तो हात पाहिला. तो चालत जाळाच्या पलीकडे गेला, आणि वारा जिकडं धूर नेत होता तिकडं जाऊन उभा राहिला.