नाव देवाचं

उरलेले पाव भट्टीत जाळून टाकायचे, असा बेकरीच्या मालकाचा हुकूम होता. फुकट मिळायला लागले तर विकत कोण घेईल? भट्टीवाला मात्र रोज दोन पाव सदऱ्याखाली लपवून मागच्या घराच्या खिडकीत ठेवायचा. तिथं काम गेलेली एक बाई पोरांना घेऊन राहायची. पाव दिसले की ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "देवानं दिलं हो, देवानं!"

भट्टीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चटके सोसायचे मी, नोकरी पणाला लावायची मी, आणि नाव मात्र त्याचं! शेवटी एक दिवस तो तणतणत तिच्या घरी निघाला. आज तोंडावर सांगायचं, "उद्यापासून जा देवाच्याच भट्टीवर!"

तिच्या दारात मालक उभा होता. हातात अर्धा खाल्लेला पाव.

"हा माझ्याच बेकरीतला. कुणी दिला? नाव सांग!"

"देवानं."

"देव काय माझ्याकडं कामाला आहे?"

बाईची नजर भट्टीवाल्याच्या पिठानं माखलेल्या हातांवरून सरळ पुढं निघून गेली.

"काय ठाऊक, मालक. मी त्याला कधी पाहिलेलं नाही."