पुलाचा चढ

ताईचा धाकटा भाऊ गवंडीकाम सोडून कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर व्यायामही सांगितला, पण हा उठेल तर ना. शेवटी ताईने दोघांनी चालवायची सायकल उसनी आणली आणि त्याला मागच्या सीटवर बसवलं. पायडलं एकमेकांना जोडलेली. तिचे पाय फिरले की त्याचेही आपसूक फिरत. “तुझ्यापेक्षा सिमेंटचं पोतं बरं,” ती रोज चिडवायची. तो पायडलांवर पाय टेकवून बसायचा. आज पुलाच्या चढावर तिचा दम संपत आला आणि पायडलं अचानक हलकी झाली. साखळी तुटली की काय म्हणून तिने खाली पाहिलं. ती शाबूत होती. तिने पाय सैल सोडले, तरी सायकल चढत गेली. “ताई, फुकटात बसलीस होय?” मागून धापांमधून आवाज आला. त्याच्या जोरावर फिरणाऱ्या आपल्या पायांकडे ती नुसती बघतच राहिली.